चोर सोडून संन्याशाला

२४९३७. २०१८ सालच्या हिवाळ्यात लिनक्सवर चालणाऱ्या एका कम्प्युटरच्या लॉगमध्ये हा आकडा उमटला. ज्या ओळीत तो होता तिचा मतलब असा: ‘एसडीए१’ या डिस्कच्या भागावर, ७१४२ नंबरच्या इनोडमध्ये, ‘डीपीकेजी-क्वेरी’ नावाचा प्रोग्राम चालू असताना, एका रकान्यात २४९३७ सापडलं आहे, आणि अख्ख्या इनोडचा आकारच मुळी २५६ आहे.

इनोड म्हणजे फाइलीची कुंडली. फाइल कोणाची, किती मोठी, कधी बदलली, कोणाला उघडता येते आणि तिचा मजकूर डिस्कवर नेमका कुठे पडला आहे, एवढं सगळं २५६ बाइटांत बसवलेलं असतं. गंमत म्हणजे फाइलीचं नाव मात्र त्यात नसतं. ते फोल्डरच्या यादीत असतं. जुन्या काळी इनोड १२८ बाइटांचाच होता. ‘ईएक्सटी४’ ही आज लिनक्सवर सर्रास दिसणारी फाइल सिस्टिम आली तेव्हा त्याला उजवीकडे आणखी १२८ बाइटांचं अंगण मिळालं. त्या अंगणात सेकंदाच्या अब्जांश भागापर्यंतची वेळ ठेवतात, फाइल जन्माला आल्याची वेळ ठेवतात आणि तारखा साठवायला दोन जादा बिट ठेवतात. त्या दोन बिटांमुळे २०३८ साली तारखा संपण्याचं जे जुनं संकट आहे, ते या फाइल सिस्टिमपुरतं २४४६ सालापर्यंत लांबलं. तर या अंगणापैकी किती बाइट वापरात आहेत, ते सांगणारा एक छोटा रकाना असतो. तिथे एरवी ३२ सारखी संख्या असते. १२८ च्या वर ती जाऊच शकत नाही. तिथे २४९३७ निघालं.

आता हा आकडा थोडा उलगडून बघू. रकाना दोन बाइटांचा. २४९३७ म्हणजे ९७ गुणिले २५६, अधिक १०५. पीसीवर लहान बाइट आधी लिहायची रीत असल्यामुळे क्रम होतो १०५, मग ९७. अक्षरांच्या जगभर चालणाऱ्या संकेतात १०५ म्हणजे रोमन लहान ‘आय’ आणि ९७ म्हणजे लहान ‘ए’. इंडियाच्या स्पेलिंगमधली शेवटची दोन अक्षरं! कुठलेही दोन बाइट उचलले तर दोन्ही रोमन लहान अक्षरांच्या घरात पडण्याची शक्यता साधारण शंभरात एक. म्हणजे आकड्याच्या जागी बहुधा कुठल्या तरी मजकुराचा तुकडा येऊन बसला होता. फाइल सिस्टिम एका फाइलीची कुंडली वाचायला गेली आणि तिच्या हातात दुसऱ्याच कुणाचं वाक्य पडलं.

हे वाक्य आलं कुठून, याचा शोध म्हणजे लिनक्सच्या अलीकडच्या इतिहासातली एक सुरस तपासकथा आहे.

लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नेलची, ४.१९ ही आवृत्ती २२ ऑक्टोबर २०१८ रोजी बाहेर पडली. लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स त्या सुमारास सुट्टीवर होते, त्यामुळे ती त्यांचे सहकारी ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी काढली. ही साधीसुधी आवृत्ती नव्हती. दीर्घकाळ सांभाळायची म्हणून निवडलेली होती, आणि तिची देखभाल पुढे २०२४ च्या डिसेंबरपर्यंत चालली. कितीतरी अँड्रॉइड फोनच्या पोटात हीच होती. नोव्हेंबरच्या मध्यापासून तक्रारी सुरू झाल्या. कर्नेल अपग्रेड केला, एक-दोन दिवस सगळं छान चाललं आणि मग अचानक ईएक्सटी४ च्या तक्रारींनी लॉग भरला. असं झालं की डिस्क आपोआप ‘फक्त वाचा’ या अवस्थेत जाते. डेबियन, उबुंटूसारख्या वितरणांत तशी सोयच करून ठेवलेली असते. रीबूट करून तपासणी चालवली तर कुणाकडे एकच ब्लॉक दोन फाइली आपला म्हणत होत्या. कुणाकडे फोल्डरमध्ये नाव होतं आणि त्या नावाची फाइल पुसलेली होती. आणि काही जणांकडे, ही खरी चक्रावणारी गोष्ट, तपासणीत काहीच सापडत नव्हतं.

ईएक्सटी४ चे मुख्य सांभाळकर्ते थिओडोर त्सो. या फाइल सिस्टिमची तपासणी करणारा ‘ई२एफएससीके’ हा प्रोग्रामही त्यांनीच लिहिलेला. १९९१ पासून लिनक्समध्ये असलेला हा माणूस. लॉगमध्ये प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ईएक्सटी४ चं नाव होतं, म्हणून सगळ्यांची बोटं त्यांच्याकडे वळली. त्यांनी आपल्या चाचण्या चालवून पाहिल्या. बिघाड काही केल्या त्यांच्या हाताला लागेना. ज्याच्या घरी दुखणं त्याच्याकडे ते रोज येत होतं, आणि वैद्याच्या दारात आलं की गायब.

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं एका साध्या रचनेवर अवलंबून आहे. तुम्ही ‘सेव्ह’ म्हणता तेव्हा अक्षरं थेट डिस्कवर जात नाहीत. आधी ती मेमरीतल्या पानांवर उतरतात. मग फाइल सिस्टिम ठरवते की ती डिस्कवर कुठे ठेवायची. तिथून विनंती निघते ती ‘ब्लॉक लेअर’ नावाच्या मधल्या थरात. तो विनंत्या रांगेत लावतो, शेजारशेजारच्या विनंत्या एकत्र जोडतो आणि खाली ड्रायव्हरकडे देतो. ड्रायव्हर डिस्कशी बोलतो. डिस्कच्या आतही एक छोटा कम्प्युटर असतोच. वाचताना हाच प्रवास उलटा होतो. यातला प्रत्येक थर खालच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. त्या विश्वासावाचून एकही फाइल वेळेत उघडणार नाही. मात्र या उतरंडीत वरून खालपर्यंत एकच थर असा आहे की जो हाती आलेल्या मालाकडे बघून म्हणू शकतो, ‘हे काहीतरी भलतंच आहे.’ तो म्हणजे फाइल सिस्टिम. तिला ठाऊक असतं की अंगणाचा आकार २४९३७ असू शकत नाही. ब्लॉक लेअरला सगळे बाइट सारखेच. त्याच्या लेखी ते फक्त वाहून न्यायचं ओझं.

म्हणून ओरडणारा थर आणि चुकणारा थर एकच असेल असं धरून चालायचं नसतं. ईएक्सटी४ ओरडत होती कारण बघत तीच होती.

मग चोर कसा पकडायचा? पहिली शंका नेहमी सामानावर घ्यायची. डिस्क आपल्या तब्येतीची नोंद ठेवते. किती खराब जागा बदलून घेतल्या ते त्यात असतं, केबलमधून येताना किती वेळा डेटा बिघडला तेही असतं. ही दुसरी नोंद १९९ नंबरवर सापडते आणि ती वाढत असेल तर शंभर-दोनशे रुपयांची केबल बदलून बघायची, कर्नेलला शिव्या देण्याआधी. मेमरी खराब असली तरी थेट असाच तमाशा होतो, तेव्हा रात्रभर मेमरी टेस्ट लावायची. इथे हे सगळं स्वच्छ निघत होतं. लॉगमध्ये डिस्ककडून आलेली एकही तक्रार नव्हती. आणि जुना ४.१८ लावला की त्याच डिस्कवर, त्याच केबलवर, त्याच मेमरीवर बिघाड थांबत होता.

दोष नव्या कर्नेलमध्ये, इतकं ठरलं. पण ४.१८ आणि ४.१९ यांच्यात सुमारे चौदा हजार बदल होते. अशा वेळी करतात ते ‘बायसेक्ट’. बदलांच्या माळेचा बरोबर मध्य घ्यायचा, तिथवरचा कर्नेल बांधायचा, चालवायचा. बिघडला तर दोषी पहिल्या अर्ध्यात, नाही बिघडला तर दुसऱ्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचा अर्धा. दोनाचा चौदावा घात १६,३८४ होतो, तेव्हा चौदा फेऱ्यांत चौदा हजारांतून एक. ऐकायला जादू वाटते, आणि चूक लगेच दिसणारी असेल तर आहेही.

पण ही चूक लगेच दिसत नव्हती. समजा, दोषी कर्नेलवर ती सरासरी दिवसातून एकदा दिसते. एक कर्नेल चालवला, तीन दिवस काही झालं नाही. तो निर्दोष म्हणायचा का? संभाव्यतेचं गणित सांगतं की दोषी असूनही तीन दिवस गप्प राहण्याची शक्यता ५ टक्के आहे. कमी वाटते. पण चौदापैकी निम्म्या फेऱ्यांत कर्नेल खरोखर दोषी असेल, तर त्यातल्या एकाला तरी चुकून ‘निर्दोष’चा शिक्का बसण्याची शक्यता ३० टक्क्यांवर जाते. एक शिक्का खोटा पडला की उरलेल्या सगळ्या फेऱ्या भलत्या गल्लीत. ‘बिघडला’ हे उत्तर पक्कं असतं. ‘नाही बिघडला’ हे नुसतं ‘अजून नाही’ असतं. म्हणून या शिकारीतलं खरं कसब कर्नेल बांधण्यात नाही, बिघाड लवकर घडवून आणण्यात आहे. हजारो फाइलींची एकसारखी कॉपी, वाचन, पुन्हा कॉपी असा डिस्कला धाप लागेल इतका मारा करून दिवसांचे तास करायचे. हे काम एका चिकाटीच्या वापरकर्त्याने केलं, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याचं बोट एका बदलावर येऊन थांबलं.

तो बदल ईएक्सटी४ मध्ये नव्हताच. तो ब्लॉक लेअरमध्ये होता.

लिनक्समधला ब्लॉक लेअर फिरत्या डिस्कच्या जमान्यात घडला. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यासाठी आठ मिलिसेकंदांहून जास्त लागतात. तेवढ्या वेळात प्रोसेसर लाखो सूचना उरकतो. साहजिकच विनंत्यांची एकच रांग पुरत होती. एसएसडी आले आणि सेकंदाला लाखो विनंत्या झेलू लागले. तेव्हा त्या एकाच रांगेच्या कुलपापाशी सगळे प्रोसेसर खोळंबू लागले. त्यावरचा उपाय म्हणजे ‘बीएलके-एमक्यू’, अनेक रांगांची नवी मांडणी. येन्स अ‍ॅक्सबो आणि सहकाऱ्यांनी ती २०१३ साली मांडली आणि २०१४ च्या जानेवारीत आलेल्या ३.१३ कर्नेलपासून ती लिनक्समध्ये आहे. साध्या सॅटा डिस्क ज्या वाटेने जातात त्या स्कझी थरासाठी मात्र ही नवी मांडणी आपोआप लागू झाली ती ४.१९ मध्येच. आणि त्याच ४.१९ मध्ये वेगासाठी आणखी एक जवळचा रस्ता काढला गेला: रांगेचं नियोजन करणारा कुणी नेमलेला नसेल, आणि डिस्क मोकळी दिसत असेल, तर विनंती रांगेत न लावता थेट ड्रायव्हरच्या हातात द्यायची.

कल्पना उत्तम. फट कुठे होती ते बघा. एखाद्या गोदामातून एका पत्त्यावर दहा पोती जायची आहेत. माल दारात आला, दहा पोत्यांचं चलन फाडून झालं, आणि टेम्पोवाला म्हणाला, ‘आत्ता जागा नाही, नंतर या.’ पोती परत रांगेत गेली. तेवढ्यात मुकादमाला दिसलं की त्याच पत्त्यावर आणखी दोन पोती जायची आहेत. त्याने ती याच मालात जोडून टाकली. त्याच्या वहीत आता बारा. चलनावर मात्र दहाच, कारण ते फाडून झालं होतं आणि पुन्हा कुणी फाडलं नाही. टेम्पो आला, चलन बघून दहा पोती घेऊन गेला. वहीत लिहिलं गेलं: बारा पोचली.

ड्रायव्हरने विनंती हाती घेतली की मेमरीतल्या कुठल्या पानांत डेटा ठेवायचा किंवा कुठून उचलायचा याची यादी तो तयार करतो. तेच हे चलन. डिस्क व्यस्त म्हणून विनंती परत गेली, पण यादी तशीच चिकटून राहिली. मागाहून तिच्यात शेजारची विनंती जोडली गेली आणि जुन्या यादीनिशी ती पुन्हा पाठवली गेली. डिस्कने आपलं काम चोख केलं. ड्रायव्हरनेही केलं. सगळीकडून ‘झालं’ असा निरोप आला. फक्त जोडलेला भाग वाचलाच गेला नव्हता. त्याच्यासाठी राखलेल्या मेमरीच्या पानांवर आधी जे काही पडलं होतं, कुणाचा ईमेल, कुठल्या प्रोग्रामची मदतपुस्तिका, तेच फाइल सिस्टिमच्या हातात आलं. आपले ‘आय’ आणि ‘ए’ बहुधा असेच आले.

लिहिताना झालं तर आणखी वाईट: जोडलेला भाग डिस्कवर पोचतच नाही.

एका ब्लॉकचे ४०९६ बाइट, एका इनोडचे २५६. म्हणजे एक ब्लॉक असा न वाचलेला राहिला की सोळा फाइलींच्या कुंडल्या एका दमात भरकटतात. शिवाय ईएक्सटी४ इनोड वाचताना आसपासचे ३२ ब्लॉक आधीच मागवून ठेवते. शेजारशेजारच्या ब्लॉकांच्या विनंत्या एकामागोमाग एक निघतात, आणि जोडाजोडीला याहून चांगली संधी कुठली! डीपीकेजी-क्वेरीसारखा शेकडो बारक्या फाइली चाळणारा प्रोग्राम त्यावर चालत असेल तर बघायलाच नको.

आणि त्सोंच्या हाताला हे का लागत नव्हतं, याचंही कोडं इथे सुटतं. एकाच रांगेच्या डिस्कला लिनक्स स्वतःहून ‘एमक्यू-डेडलाइन’ नावाचा नियोजक नेमतो. तो असला की हा जवळचा रस्ता बंद. तो उपलब्धच नसेल, कर्नेल बांधताना वगळलेला असेल, तर नियोजकाच्या जागी ‘कोणी नाही’ असं येतं आणि रस्ता उघडतो. नवी मांडणी, नियोजक नाही, डिस्क नेमकी त्या क्षणी व्यस्त आणि शेजारची विनंती नेमकी त्याच क्षणी हजर: या चार गोष्टी जुळल्या तरच अपघात. एकाच आवृत्तीचा कर्नेल, तरी एकाच्या घरी रोज आणि दुसऱ्याच्या घरी कधीच नाही.

अ‍ॅक्सबोंची दुरुस्ती मोजक्या ओळींची होती: परत आलेल्या विनंतीवर ‘हिच्यात काही जोडू नका’ अशी खूण. दोनेक दिवसांत तिच्यावर आणखी नीटस दुरुस्ती आली. अशी विनंती थेट त्या रांगेत टाकायची जिथे जोडाजोड होतच नाही. ८ डिसेंबरला ४.१९.८ बाहेर पडली. २४९३७ ची ती ओळ अ‍ॅक्सबोंनी दुरुस्तीच्या नोंदीत तशीच ठेवली आहे, म्हणून ती आज आपल्याला वाचता येते.

मला या सगळ्यात सर्वात जास्त थक्क करते ती तपासणीची गोष्ट. डिस्क बिघडली की माणूस सवयीने ‘एफएससीके’ चालवतो आणि येईल त्या प्रश्नाला ‘हो, दुरुस्त कर’ म्हणत सुटतो. पण इथे डिस्कवरचा मजकूर पुष्कळदा शाबूत होता. चूक होती ती वाचण्यात. एफएससीकेसुद्धा त्याच कर्नेलच्या, त्याच ब्लॉक लेअरच्या डोळ्यांनी वाचतो. त्याला कचरा दिसला तर तो त्या कचऱ्यालाच प्रमाण मानून चांगल्या इनोडची ‘दुरुस्ती’ करणार, आणि ती दुरुस्ती मात्र डिस्कवर कायमची लिहिली जाणार. म्हणूनच अपग्रेडनंतर अशी शंका आली की आधी डिस्कवर लिहिणं थांबवायचं, जुन्या कर्नेलवरून किंवा वेगळ्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं, आणि पहिली तपासणी ‘-एन’ लावून करायची, म्हणजे तो फक्त बघतो, हात लावत नाही. नव्या कर्नेलला जिथे दोष दिसत होते तिथे जुन्याला काहीच दिसत नसेल, तर ती आनंदाची बातमीही आहे आणि सगळ्यात मोठा पुरावाही.

दुरुस्ती आली तरी एक हिशोब राहतोच: तोवर कुठल्या फाइली बिघडल्या? ईएक्सटी४ ला पडताळणीचे आकडे ठेवता येतात, पण ते फक्त कुंडल्यांचे, फाइलीच्या आतल्या मजकुराचे नाहीत. झेडएफएस आणि बीटीआरएफएस मजकुराचेही ठेवतात. डेबियनच्या पॅकेजमधून आलेल्या फाइली त्यांच्या यादीशी ताडून बघता येतात. तुमच्या लग्नाच्या फोटोंसाठी अशी यादी कुणी केलेली नसते. तिथे अपग्रेडच्या आधीचा बॅकअप काढून एकेक फाइल जुळवणं एवढाच मार्ग.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा ईएक्सटी४ चं नाव निघालं, आणि या वेळी गडबड खरोखर तिच्याच अंगणात होती. कर्नेल ६.१.६४ मध्ये वरच्या नव्या आवृत्तीतली एक योग्य दुरुस्ती खाली आणली गेली. ती ज्या दुसऱ्या बदलावर उभी होती तो मात्र वरच राहिला. त्यामुळे विशिष्ट प्रकारच्या लेखनात, फाइलीत कुठवर लिहून झालं याचा हिशोब चुकू लागला. गंमत अशी की कुंडल्या सगळ्या शाबूत होत्या, त्यामुळे ईएक्सटी४ ने तोंडातून चकार शब्द काढला नाही. एलटीपी नावाच्या जुन्या चाचणीसंचातली एक चाचणी नापास होऊ लागली, तिथून सुगावा लागला. डेबियन १२.३ शनिवारी, ९ डिसेंबरला निघायची होती आणि तिच्यात हाच कर्नेल होता. ती रोखली गेली, आणि दुसऱ्या दिवशी ६.१.६६ घेऊन थेट १२.४ आली.